सालीसकट वाडगा

संगप्पा कातारी म्हंजे सूतगिरणीच्या कांड्या अन् पलंगाचे पाय कातणारा माणूस. पण परवा चनमल्लप्पाच्या लाकडाच्या वखारीत त्याची जीभ घसरली.

"अण्णा, ह्या ओल्या बाभळीचा वाडगा कातून दावतो. काठाला साल तशीच ठिवून!"

चनमल्लप्पा पोट हलवत हसला. "साल? पयल्या फेऱ्यात भुर्र उडंल! टिकली तर हे अख्खं खोड तुझं. उडाली तर तुझी ती गोल पटाशी माझी."

ती पटाशी म्हंजे संगप्पाचा जीव. बापाच्या हातची. रोज निसण्याच्या दगडावर तेल टाकून तिला घासायची, मग हातावरचे केस भादरून धार बघायची. डाव्या हाताला केस म्हणून उरला न्हवता.

आज वाडगा कातायच्या चरकावर चढला. पोट कोरून झालं. दोरी ओढून चरक फिरवायला बायको, नीलम्मा. ह्या धंद्यात दोरी ज्याच्या हातात, लाकूड बी त्याच्याच हातात. आता राहिला काठ. तितं एक झटका बसला की साल गेलीच.

अन् नेमकी तितंच नीलम्मानं दोरी सोडली.

"काय झालं गं?"

"माझी विळी."

"विळीचं काय आता?"

"दिवाळीपास्नं सांगतीया. वांगं चिरत न्हाय, चेंगरतंय. तुमच्या पटाशीनं माशीची मिशी निघंल, अन् माझ्या विळीवर माशी झोपा काढती!"

"माझ्या निसण्यावर विळी? खाचा पडत्याल!"

"मग दोरी बी तुमीच ओढा. पायानं."

लाकूड ओलं. वाळाय लागलं की साल आपसूक सुटणार. संगप्पानं शिव्या गिळल्या अन् विळी घेऊन बसला. पण धार लावताना हात आखडता घेणं त्याला ठावंच न्हवतं. पटाशीला लावायची तशीच लावली.

"घे. जरा जपून..."

तवर नीलम्मानं वांगं लावलं बी. वांगं चिरलं, संगट अंगठा बी.

चिंधी बांधता बांधता ती हसायलाच लागली. "खरंच लागली की वो धार!"

"हसतीस काय! आता दोरी कोन ओढणार, तुझा बा?"

दारात चनमल्लप्पा उभा. पटाशी गुंडाळून न्यायला फडकं सुदीक आणलेलं.

"बरं झालं आलासा, अण्णा," नीलम्मा म्हणाली. "बसा, दोरी धरा."

संगप्पानं पटाशी पाठीमागं लपवली. "येडी का काय तू? त्यो मुद्दाम हिसका देणार!"

"देऊ द्या की. अण्णानं पैजंसाठी दोरी हिसडली म्हणून गल्लीभर सांगीन. पयलं कस्तुराबाईला."

कस्तुराबाई म्हंजे चनमल्लप्पाची बायको. त्याचं तोंड आंबट झालं.

"मी कशाला हिसडू? माणूस हाय का जनावर?" म्हणत गडी बसला.

हिसडायचं ऱ्हायलं बाजूला, जरा ओढली न्हाय तोवर त्याचा भाता सुटला. ओढ मंद पडली. संगप्पाला पायजे तशी, सावकाश, एकसारखी. त्यानं पटाशी काठाला लावली. वाकडातिकडा काठ फिरताना पात्याखाली कदी लाकूड, कदी नुसती हवा. ठक, ठक, ठक.

"थांबू का रं?" चनमल्लप्पा कण्हला.

"थांबलासा अन् साल गेली, तर इल्जाम तुमच्यावर!" नीलम्मा म्हणाली.

गडी ओढतच ऱ्हायला. शेवटाला संगप्पानं पटाशी बाजूला घेतली. काठभर साल, काळी, खरबरीत, जशीच्या तशी.

चनमल्लप्पानं वाडग्याकडं बघितलं, मग आपल्या लाल तळव्यांकडं.

"म्हंजे... माझं खोड मीच घालवलं?"

"असं कसं, अण्णा! घाम गाळून दिलासा की," नीलम्मा म्हणाली. "बैलगाडी कदी धाडताय तेवढं सांगा."