मौनीबाबांच्या पोटातली बाई

"आज दिवेलागणीला या बंदरात एक जरी माणूस बाबाच्या पाया पडताना दिसला, तर नाव बदलीन!" बंदराचा वायरलेस सेट चालवणाऱ्या वायरलेसताईनं सकाळी बर्फवाल्याला ठणकावलं.

दुपारी अडीचला अख्खं बंदर तिच्याच दारात लोटलं होतं. मधोमध मौनीबाबा. हे दिवसभर बोलायचे. नाव पडलं होतं ते रेडिओला मुका करण्यावरून. त्यांनी डोळे वटारले, "मौन!" म्हणून गरजले. ताईनं बटण दाबून पाहिलं, तर सेट ठार मुका. गर्दी गहिवरली.

ताईच्या हातात वादळाचा इशारा होता. खोल समुद्रात नऊ बोटी, त्यातल्या एकीवर तिचे आबा. निरोप वेळेत गेला तर बोटी अंधाराआधी बेटाआड जातील. आणि लांबवर बोलणारा सेट बंदरात हा एकच.

"बाबा, सेटचं तोंड उघडा ना! माझा भाऊ आहे हो बोटीवर," बर्फवाला रडकुंडीला आला.

"सेट माझ्या आसनापाशी मांडा, मग बघू."

"बाबा, तुम्हाला रात्री कधीच राग येत नाही?" ताईनं विचारलं.

"रात्री मी क्षमाशील असतो."

ताईनं नोंदवही आपटली. "बारा वेळा सेट मुका झाला, बाराही वेळा दिवसा. आणि तुमचा राग दरवेळी सेट गप्प झाल्यावर दहा मिनिटांनी!"

"राग चढायला वेळ लागतो, बाई." गर्दीनं माना डोलावल्या.

"अहो, सूर्यावर डाग असतात. तिथं चुंबकाचं बळ पीळ खात साठतं आणि एकदम सुटतं. भडका उडतो. त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथं. मग उन्हातल्या बाजूची वरची हवा आपला आवाज गिळते. भडका शमला की हवा निवळते. तासाभरात सेट आपोआप बोलेल."

"भडका बाबाच उडवतात!" मागून कुणीतरी म्हणालं.

हमरीतुमरीत तास सरत आला. तेवढ्यात बाबांच्या जटांखाली ताईला काळी वायर दिसली. तिनं हिसका दिला. कानातलं इयरफोनचं बोंड निघालं, वायर खालून सुटली, आणि बाबांच्या पोटातून एक बाई परक्या भाषेत खणखणीत गाऊ लागली.

"ही... माझी शक्ती," बाबा पुटपुटले.

"शक्तीला सेल किती लागतात?"

ताईनं कफनीतून खिशातला रेडिओ ओढून काढला. "दूरदेशीचं ऐकणारा हाही त्याच भडक्यानं गप्प होतो. हा गप्प झाला की यांना राग यायचा! आता तरी कुणाच्या डोळ्यांकडे नका बघू, घड्याळाकडे बघा. रात्री का होत नाही, एवढं विचारा. पुरे आहे!"

लोक खदखदून हसले. बाबा चपला टाकून पळाले. तेवढ्यात आतून ताईचा सेटही खरखरू लागला.

"तासाभरात बोलेल म्हणाली, आणि बोलला!" बर्फवाला हात जोडून पुढं आला. "ताई, आम्ही आंधळे होतो गं!"

सगळे वाकले.

"पाय सोडा! मला निरोप पाठवायचाय!" ताई ओरडली. पण दहा जणांनी पाय धरले होते, बाकीचे आत घुसले होते. बाबाच्या पाया मात्र कुणीच पडत नव्हतं.

ताई लंगडत आत पोचली तेव्हा सेटला हार घातलेला होता, आणि बर्फवाला त्याच्या जाळीतून गुलाबपाण्याची दुसरी बाटली ओतत होता. फट् असा आवाज झाला. इशारा गेला नाही.