कुलूप नसलेली सीडी

मित्रांनो, मी एका व्हिडिओ गेमची जुनी सीडी आहे. रोह्याजवळच्या वरसे गावात, एका कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर चरे आहेत, कडेला तार ओवण्यासाठी पाडलेलं भोक आहे, आणि जगातलं कुठलंही यंत्र आता मला वाचू शकत नाही. माझं जे झालं त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वस्तू झिजायचीच. पण प्रणिताचं जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेलं पारदर्शक प्लास्टिक साच्यात दाबलं, त्यावर चांदीसारखा पातळ थर चढवला, आणि माझ्या पोटात एक अख्खं बेट कोरलं गेलं. खेळ असा होता : ओसाड बेटावर खाडीचं पाणी शिरत असतं. खेळणाऱ्याने बांध घालायचा, खारं पाणी अडवायचं, जमीन गोड करायची, मग पेरायचं, घरं उभारायची, माणसं वसवायची. घाई करणाऱ्याचा बांध फुटायचा. ज्याला धीर असेल त्याचंच गाव उभं राहायचं.

जहाजातून, मग ट्रकमधून मी पेणला पोचले, दिनानाथकाकांच्या दुकानात. तिथे काचेच्या कपाटात आम्ही सीड्या ओळीने उभ्या असायचो. शाळा सुटली की मुलं काचेला नाक लावून आम्हाला बघायची. काका ओरडायचे, "हात लाव, पण पुसून ठेव!" मला तो माणूस फार आवडायचा.

एके दिवशी सुशील दुकानात आला. धाटावच्या एका कंपनीत तो नुकताच लागला होता. त्याची धाकटी बहीण प्रणिता स्कूटीवरून पडली होती, पायाला प्लास्टर होतं, आणि घरात बसून ती सगळ्यांवर चिडचिड करत होती. सुशीलने काकांकडून गेम खेळायचं एक वापरलेलं यंत्र आणि मला विकत घेतलं, आणि घरी जाऊन तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे. पाय बरा होईस्तवर बेटावर फिर."

पाय बरा झाला, पण प्रणिता काही बेटावरून परत आली नाही. पहिले बांध तिचे फुटलेच. मग ती शिकली. सुशील शिफ्टवरून आला की दोघं शेजारी बसत, आणि विहीर कुठे खणायची यावर कडाकडा भांडत. शेजारच्या पिंकीने सुट्टीत मला मागून नेलं. तिने मला तिच्या मामाकडे नेलं, मामाच्या पोरांनी आणखी कुठे. मी परत आले तेव्हा माझी डबी तडकली होती, मी मात्र धडधाकट होते. सांगायचं एवढंच, की मला कोणाला द्यावं आणि कोणाकडून परत घ्यावं हे प्रणिता ठरवायची. तिने कधी कुठे परवानगी मागितली नाही. तशी पद्धतच नव्हती.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपट्टीतला, पेणकडचा. नितेश त्याचं नाव, वडखळ नाक्यावर त्याचं मोबाईलचं दुकान. बॅग भरताना प्रणिताने यंत्र तळाशी आणि मला साड्यांच्या मधोमध ठेवलं, तशी तिची चंद्रावतीआत्या हसली.

"सासरी शिडी काय न्यायची गो? लोक काय म्हणतील?"

"माझी हाय ती," प्रणिता म्हणाली आणि चेन ओढली.

नितेश वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला वाईट म्हणाल. पहिल्या वर्षी तो तिच्याशेजारी बसून खेळ शिकला. त्याची आई, विमलबाई, दारातून डोकावून म्हणायची, "आमचं सगलं आयुष्य बांध घालण्यात गेलं, आनि तुम्ही हौसंनं घालताव!" आणि मग स्वतःच थोडा वेळ बघत उभी राहायची.

नंतर नितेशने नवं यंत्र आणलं. जुनं बदल्यात देऊन आणलं. चकचकीत, आणि सीडी घालायला त्याला फटच नव्हती.

"आता सीडीबिडी काय नाय," तो म्हणाला. "सगळं नेटवर. हरवायची भीती नाय, चरे पडायची भीती नाय."

"आणि माझा गेम?"

"तो पण घेतलाय ना परत. माझ्या अकाउंटवर हाय. खेळ हवा तेवढा."

खरं सांगायचं तर प्रणिताला आनंद झाला. चित्र पूर्वीपेक्षा सुंदर होतं, बेट मोठं होतं. तिने सगळं पहिल्यापासून वसवायला घेतलं. अकाउंट कोणाच्या नावाचं, हा विचार नवराबायकोत कोण करतं? तिनेही केला नाही. मी काही दिवस खिडकीत पडून होते. मग विमलबाईने मला उचललं, माझ्या कडेला तापल्या खिळ्याने भोक पाडलं, आणि परसातल्या वालाच्या वेलांवर तारेने टांगलं. शेंगांवर पोपट तुटून पडत, त्यांना माझ्या चकाकीची भीती वाटावी म्हणून. जिच्या पोटात गाव होतं ती मी बुजगावणं झाले. वाल निघाले, भेंडी लागली, पाऊस कोसळला, पुन्हा वाल आले. मला खाली उतरवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

परसात राहून घरातलं सगळं कळतं. प्रणिताला दिवस गेले तेव्हा ती संध्याकाळी धुण्याच्या दगडावर येऊन बसायची, पोटावर हात ठेवून. मुलगी झाली तर मृणाली, हे तिचं आणि नितेशचं माझ्यासमोरच ठरलं. सातव्या महिन्यात घाईघाईने गाडी बोलावली, तिला अलिबागला नेलं. ती परत आली ती एकटीच आली. यात कोणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विमलबाई हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची.

त्यानंतर प्रणिता बोलेनाशी झाली. घरातली कामं उरकायची आणि बेटावर जाऊन बसायची. तिथे बांधाच्या आतल्या अंगाला तिने एक बाग केली. झोपाळा, पाण्याचं टाकं, सोनचाफ्याची रांग. बागेला नाव दिलं मृणाली. एकदा विमलबाईने विचारलं, "मला दाखवशील?" दोघी बराच वेळ आत होत्या. बाहेर आली तेव्हा विमलबाई पदराने डोळे पुसत होती.

नितेशला मात्र ते सहन होईना. त्यालाही दुःख होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. एकदा पडवीत पाहुणे बसले होते. कोणीतरी विचारलं, पोर कशानं गेलं? तेव्हा नितेश मोठ्याने म्हणाला, "दिवसभर वाकून बसायची त्या गेमपुढं. त्यात गेलं."

"नितेश, तोंड आवर!" विमलबाई आतून ओरडली. पण शब्द सुटला होता. चहाचा ट्रे घेऊन प्रणिता दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सुशील मोटारसायकल घेऊन आला. प्रणिताने कपड्यांची पिशवी घेतली आणि ते यंत्र घेतलं. तिचं जुनं यंत्र देऊनच ते आलं होतं, त्यामुळे नितेशनेही ते अडवलं नाही. मी तारेवरून बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वरशाला माहेरी गेल्यावर तिने यंत्र लावलं, तर पडद्यावर पासवर्ड मागितला. नितेशने तो बदलला होता. तिने फोन केला.

"पासवर्ड द्या."

"घरी ये, मग देतो."

"मला फक्त बाग बघायची हाय."

"अकाउंट माझं हाय, प्रणिता."

मग तिने खेळाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात समजावलं, की ज्याच्या नावावर अकाउंट, त्यालाच प्रवेश. आणि खरं तर खेळ त्याच्याही मालकीचा नसतो, कंपनी फक्त खेळायची परवानगी देते. "मग त्यातलं माझं काय?" प्रणिताने विचारलं.  त्या मुलीने पढवल्यासारखे कंपनीतर्फे आभार मानले आणि फोन ठेवला.

तेव्हा प्रणिताला माझी आठवण झाली. नितेश दुकानात असेल अशी वेळ बघून ती परसात आली. विमलबाई शेंगा तोडत होती. सून समोर दिसल्यावर तिच्या हातातली टोपली कलंडली.

"आई, मी सीडी न्यायला आलेय."

 विमलबाई स्वतः स्टुलावर चढली आणि तार सोडवू लागली. "ने गो. तुजीच हाय ती. मीच मेली टांगली, मला काय ठावं त्यात काय असतं!" खाली उतरल्यावर तिने मला पदराने पुसलं. "त्याला किती सांगतंय, दे तिला तिचं. नाय ऐकत. बोलतो, तेवढ्यासाठी तरी परत येल."

"तेवढ्यासाठी नाय येणार, आई."

"ठावं हाय मला," विमलबाई म्हणाली, आणि टोपलीतल्या शेंगा तिच्या पिशवीत ओतल्या.

मला घेऊन प्रणिता पेणला दिनानाथकाकांकडे गेली. आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. काचेचं कपाट कोपऱ्यात, रिकामं. पण मागच्या खोलीत काकांनी एक जुनं यंत्र जपून ठेवलं होतं. स्टुलावर बसून प्रणिताने त्यांना सगळं सांगितलं. फोनवरचं बोलणं मला कळलं ते तिथेच. काकांनी मला साबणाच्या पाण्याने धुतलं, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसलं, पॉलिश लावून घासलं. मग यंत्रात घातलं. मी फिरू लागले. इतक्या काळानंतर मी फिरत होते! मला वाटलं, बाग नसली तरी बेट देईन हिला, नव्याने वसवील ती. मी जीव तोडून फिरले. भोक, चरे, उन्हाने करपलेला थर. यंत्र खरखरलं, थांबलं, आणि त्याने मला बाहेर ढकललं.

"नाय वाचत गो," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा घालून पाहिलं. पुन्हा तेच.

प्रणिता मला घेऊन घरी आली.

पुढच्या चैत्रात नितेश वरशाला आला. सुशील कामावर होता. नितेश वाळला होता, दाढी वाढलेली. बसायला सांगेपर्यंत तो दारातच उभा राहिला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तेव्हा तसं बोलायला नको होतं. पासवर्ड द्यायला आलोय. लाव यंत्र."

प्रणिताने यंत्र लावलं. नितेशने स्वतः पासवर्ड टाकला, एकेक अक्षर दाबून. "मी पण नाय उघडलं इतके दिवस," तो हळूच म्हणाला. "धीर नाय झाला. आज दोघं मिळून बघू. झोपाळा केलायस म्हणं ना, आई सांगत होती."

पडद्यावर खेळाचं चित्र आलं, आणि त्याखाली दोन ओळी. कंपनीने हा खेळ बंद केला आहे. साठवलेली सर्व माहिती काढून टाकण्यात आली आहे.

नितेशने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. यंत्र बंद करून चालू केलं. "असं कसं? मी विकत घेतलेला गेम हाय! असं कसं काढतील?"   प्रणिता पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा अलिबागहून परत आलेल्या दिवशी होता तसा होता.

मग त्याची नजर फळीवर माझ्याकडे गेली.

"ही तरी चालते काय?"

"नाय चालत."

"मग ठेवलीस कशाला?"

"ही माझ्या डोळ्यांसमोर बिघडली," प्रणिता म्हणाली. "हिचं काय झालं, कुणी केलं, सगळं मला ठावं हाय. ती बाग कुठं गेली ते तुम्ही सांगू शकता काय?"

 नितेशने एवढंच विचारलं, "येतेस?"

"नाय."

त्याने चपला घातल्या आणि तो गेला. प्रणिताने यंत्राची वायर काढली, गुंडाळली, आणि चुलीवर भात ठेवायला आत गेली.

मित्रांनो, मला सांभाळा असं म्हणण्यात आता अर्थ नाही, माझी वेळ निघून गेली. पण तुमच्या घरात कुणी जीव लावून काही उभं केलं असेल आणि त्याची किल्ली तुमच्या खिशात असेल, तर ती त्याच्या हातात द्या. राग असला तरी द्या. आज द्या. नितेशही ती द्यायलाच आला होता.