लेकीच्या घरची काफी

कल्याण स्टेशनात तारमास्तर असलेल्या अण्णा दातारांना काफीचा नाद लावला तो त्यांच्या एका मद्रासी सोबत्यानं. तो गावाहून येताना बुंद, म्हणजे काफीच्या बिया, आणायचा. त्या काळी कल्याणच्या ब्राह्मणआळीत चहासुद्धा औषधासारखा घेत, तिथं काफीला कोण विचारतो? पण अण्णांची बायको लवकर गेलेली, घरात त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. एकुलती एक लेक मालन परकरात असतानाच सगळं शिकली. बुंद लोखंडी कढईत मंद आचेवर परतायचे, करपायच्या आत उतरवायचे, खलबत्त्यात जाडसर कुटायचे, उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवायचं आणि गाळ खाली बसेतो हात लावायचा नाही. मग दूध, साखर, जरासं जायफळ. पहिला घोट घेऊन अण्णा नुसते डोळे मिटत. मालनला तेवढं पुरे असे.

लग्न होऊन ती ठाण्याला गेली. आगगाडीनं जवळचाच रस्ता. अण्णा अधूनमधून यायचे, ओटीवर बसायचे आणि कोरड्या घशानं परत जायचे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. बुंदांची पुरचुंडी मात्र न चुकता आणायचे. मालन नवऱ्यासाठी, गोविंदरावांसाठी, काफी करायची. वास ओटीवर जायचा.

"जमली आहे हो," अण्णा वासावरून सांगायचे.

"घोटभर घ्या ना."

"घेईन. नातवंडाला मांडीवर घेऊन घेईन."

बऱ्याच वर्षांनी मालनला दिवस राहिले. माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून बाळंतपण ठाण्यालाच झालं. मुलगी झाली. अण्णांना बारशाचा निरोप गेला, त्यांनी रजाही मागून ठेवली. पण बारशाआधीच पोर तापानं फणफणली आणि गेली.

घरात कुणी वाईट वागलं नाही, आणि तेच मालनला सोसवेना. सासूबाई, रंगूबाई, मायेनंच म्हणाल्या, "नावसुद्धा ठेवलं नव्हतं गं. इतकं मनाला लावून घेऊ नये. होईल पुन्हा." गोविंदराव तो विषयच काढत नसत. पाळणा माळ्यावर गेला, दुपटी कुणाला तरी देऊन टाकली. सोयर फिटल्यावर मालन नाहून स्वयंपाकघरात वावरू लागली. अजून दूध येत होतं. ती आत जाऊन चोळी बदलायची.

अण्णा आले ते ओटीवर थांबले नाहीत. थेट माजघरात येऊन पाटावर बसले.

"मालन, काफी कर मला."

रंगूबाई गडबडल्या. "अण्णा, तुम्ही इथं काही घेत नाही ना? अजून तर..."

"विहीणबाई, मला नात झाली होती," अण्णा म्हणाले. "मी आजोबा झालो. आता मला मोकळीक आहे."

रंगूबाईंनी मान खाली घातली. मग उठल्या आणि दुधाचं पातेलं मालनच्या पुढ्यात सरकवलं.

मालनचं लक्ष कढईत नव्हतं. बुंद करपले. काफी कडू झाली, तरी अण्णांनी पेला खाली ठेवला नाही.

"कुणासारखी होती गं?" त्यांनी विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"हनुवटी तुमची होती," ती म्हणाली. "भूक लागली तरी रडायची नाही, अण्णा. नुसती मूठ चोखत पडायची." आणि बोलता बोलताच तिचा बांध फुटला. पोर गेल्यापासून ती मोठ्यानं रडली नव्हती.

गोविंदराव केव्हाचे दारात उभे होते. ते आत येऊन तिच्याजवळ जमिनीवरच बसले.

"कपाळावर भोवरा होता," ते हळूच म्हणाले. "उजवीकडे."

अण्णांनी पेला रिकामा केला. संध्याकाळच्या गाडीला गोविंदराव त्यांना पोचवायला गेले. मालन चुलीपाशी तशीच बसून राहिली. दिवेलागण झाली, तरी रंगूबाईंनी तिला उठवलं नाही. दिवा त्यांनी स्वतःच लावला.