डाव्या पंखावरची ओळ

ताई आमच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं कवळ्या करत होती. तिच्या शेजारच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली, म्हणून पुढचं सगळं मला जवळून माहीत आहे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावर आम्ही कवळी घडवायचो, घासायचो, दात बसवायचो. एखाद्याचा मूळचा दात वाकडा असला, तर ताई कवळीतही तो वाकडाच बसवायची. "सरळ बसवला तर माणूस परक्याच्या तोंडानं हसेल," म्हणायची. मालक कुरकुरायचे, पण तिच्या कवळ्या कधी परत आल्या नाहीत.

ती निवृत्त झाली आणि आठवडाभरात घरात बसून कंटाळली. एकदा बाजारातून येताना तिला एका दुकानाच्या काचेत रेझिनचे भाग जोडून मॉडेल बनवायचं किट दिसलं. युद्धाच्या काळातलं बॉम्बफेकी विमान, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं. खोका एवढा मोठा की त्यात तान्हं मूल झोपवावं. घरी येऊन तिनं आईला सहज सांगितलं.

आई तेव्हा एक्याण्णव वर्षांची. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, कान मात्र तिखट.

"चार इंजिनांचं? शेपटीला दोन उभी पाती असलेलं?" आईनं विचारलं.

"तुला गं कसं माहीत?"

"त्याच्या डाव्या पंखात मी सात महिने बसले होते."

आई लग्नाआधी कुठल्याशा कारखान्यात होती, एवढंच मुलांना ठाऊक होतं. युद्ध संपलं तसं मुलींना आता घरी जा म्हणून सांगण्यात आलं. त्या घरी गेल्या. पुढे लग्न, मुलं, संसार. कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याचा आईचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई तो खोका घेऊन आली.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेजारच्याच गल्लीत राहायचा. जेवणाच्या टेबलावर रेझिनचे पंख पसरलेले बघून तो भडकला. "हे काय पोरखेळ? आणि विमान तरी कसलं, तर बॉम्ब टाकणारं! आईला या वयात हे उकरून काढायला लावतेस?"

"मी उकरत नाहीये. ती बोलतेय, मी ऐकतेय," ताई म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांच्या तोंडात चौतीस वर्षं दात मीच बसवलेत."

मी रोज संध्याकाळी तिच्याकडे डोकावायचे. रेझिन म्हणजे आमच्या घरचंच, कवळ्याही त्याच्याच व्हायच्या. तिनं आधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही म्हणून. उजवा पंख पापडासारखा वळला होता. तो गरम पाण्यात बुडवून, मऊ झाल्यावर काचेवर दाबून सरळ केला. ठिकठिकाणी हवेचे बुडबुडे होते. "ओतणाऱ्यानं घाई केलीय," ती पुटपुटायची, "अशी कवळी मी तोंडावर फेकली असती." मग लॅबमधल्या जुन्या ड्रिलनं एकेक बुडबुडा कोरून भरून काढायची. सगळं मिळून वजन इतकं की पंख आपल्याच भारानं लोंबले असते, म्हणून आरपार पितळी नळी घातली. पूर्ण पसारा सव्वा मीटरचा झाला.

आई शेजारी खुर्चीत बसून बोटांनी भाग ओळखायची, आणि बोलायची.

कारखान्यात त्या जोडीनं काम करायच्या. एकीनं बाहेरून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, ठोकायचा, दुसरीनं पंखाच्या आत अंग चोरून बसून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, म्हणजे आतलं टोक चेपून घट्ट बसतं. आई चणीनं लहान, म्हणून ती आत. बाहेरची ताडमाड उंच, तिला सगळे लांबडी म्हणायचे. आतून-बाहेरून टकटक करून दोघी बोलायच्या. एक टकटक म्हणजे ठोक, दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मुकादम आला, हसू नकोस.

"एकदा लांबडीला सडकून ताप आला होता," आई म्हणाली. "माणसं कमी, घरी जायची सोय नव्हती. ती ठोकत राहिली. माझ्या ठोकळ्यावर दणका बसायचा तो हळूहळू खाली सरकायला लागला. मी दोनदा टकटक केली, थांब म्हणून. थांबली नाही. तपासनीस आला, ओळ बघितली, प्रत्येक रिव्हेट हलवून बघितला. म्हणाला, वाकडी आहे, पण घट्ट आहे, जाऊ दे."

"मग?"

"मग ते विमान तीन महिन्यांनी दुरुस्तीला परत आलं. पंखाची चाळण झालेली. आमची ओळ जशीच्या तशी. ती बघायला लांबडी नव्हती. त्याच तापानं गेली."

ताईनं काही वेळानं विचारलं, "आई, यातून बॉम्ब टाकायचे, ते तुला..."

"न कळायला मी काय कुकुलं बाळ होते? माहीत होतं. खाली कोण आहे, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते माझं मला छळतं, त्यात तू पडू नकोस. पण बॉम्ब पडायचे ती पोटाची दारं उघडी ठेव हो विमानाची. झाकपाक नको."

किटच्या पंखावर रिव्हेटची ओळ अगदी सरळ होती. ताईनं ती घासून सपाट केली. मग सुईच्या टोकानं रेझिनचे बारीक थेंब एकामागोमाग ठेवत गेली, आणि आई बोटाचं टोक फिरवून सांगत गेली. "इथपर्यंत सरळ. अकराव्यापासून उतर. एवढी नाही! खरी ओळ बोटभरच सरकली होती." बोटभर म्हणजे आमच्या मापात पाऊण मिलिमीटर. ताईनं ती ओळ सहा वेळा घासली आणि सहा वेळा पुन्हा घातली. सातव्या वेळी आईचं बोट शेवटच्या थेंबावर थांबलं. मी चहाच्या निमित्तानं आत गेले.

गावातल्या मॉडेल मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आणि स्पर्धा होती, ताईनं विमान तिथे मांडलं. मुख्य परीक्षक निवृत्त इंजिनियर. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण नकाशात नाही ते जगात नाही, असा हिशेब. ताईच्या विमानापुढे ते बराच वेळ वाकले. भिंगातून पोट बघितलं, चाकं बघितली, चेहरा खुलला. मग डाव्या पंखाशी आले आणि पट्टी काढली.

"बाई, इतकं सुंदर काम, आणि इथे हात हलला का?"

"नाही. ओळ तशीच होती."

"मूळ नकाशे माझ्याकडे आहेत. ओळ सरळ आहे."

"नकाशात असेल. पंखावर नव्हती."

फूटपट्टींनी आवाज खाली आणला. "हे बघा, पहिला क्रमांक तुमचाच आहे. निकाल चारला. एवढी ओळ घासून रंग मारा, दोन तासांचं काम. नाहीतर मला दोष म्हणून लिहावं लागेल."

दादा आईची चाकाची खुर्ची धरून मागे उभा होता. तो पुढे वाकून कुजबुजला, "कर ना. काय जातंय तुझं?"

"माझं काहीच जात नाही," ताई म्हणाली, "लांबडीचं जातं." मग परीक्षकांकडे वळली. "लिहा दोष."

त्यांनी कार्डावर लिहिलं: डाव्या पंखावर रिव्हेटची ओळ वाकडी. ताईनं त्यांच्याच हातातलं पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: ही ओळ दोन मुलींनी घातली. एक तापानं फणफणत होती. ओळ शेवटपर्यंत सुटली नाही.

"कार्डावर स्पर्धकानं लिहायचं नसतं," फूटपट्टी चढ्या आवाजात म्हणाले. "मला हे मॉडेल बाद करावं लागेल."

"स्पर्धेतून बाद करा. टेबलावरून हलवायचं नाही."

आजूबाजूला माणसं जमली. तेवढ्यात आईनं खुर्चीतून हात पुढे केला. "साहेब, तुमचं बोट द्या जरा."

एवढ्या म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? त्यांनी बोट दिलं. आईनं चाचपडत पंख शोधला आणि त्यांचं बोट एकेका थेंबावरून नेलं. "इथपर्यंत ती हसत होती. इथे तिला थंडी वाजायला लागली. इथे मी थांब म्हटलं. इथे ती थांबली नाही."

फूटपट्टींचा चेहरा उतरला, पण माणूस हट्टी. "आजी, याची कुठे नोंद नाही हो."

"नोंद करणारे खुर्चीत होते," आई म्हणाली. "मी पंखात होते."

कोणीतरी टाळी वाजवली, आणि लगेच ओशाळून थांबलं. फूटपट्टींनी पट्टी खिशात घातली, मॉडेल बाद असा शिक्का मारला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. निकाल बदलला नाही. पहिला क्रमांक एका चकचकीत लढाऊ विमानाला मिळाला.

पण टेबलापुढची गर्दी हटेना. एक बाई म्हणाली, मलाही बोट फिरवून बघायचंय. टेबलावर 'हात लावू नये' अशी पाटी होती. ताईनं ती उचलून पालथी घातली. मग एकेक जण येत गेला. दादानं बराच वेळ मान खाली घालून धीर गोळा केला, आणि नंतर तोच येणाऱ्याला सांगायला लागला, "अकराव्यापासून बघा, अकराव्यापासून खाली उतरते." एका म्हाताऱ्यानं उघड्या पोटाकडे बघून विचारलं, "हे का उघडं ठेवलंत?" दादानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कारण ते उघडायचं."

संध्याकाळपर्यंत त्या ओळीवरचा रंग बोटांनी झिजून खालचं करडं रेझिन दिसायला लागलं. मी म्हटलं, "ताई, घरी गेल्यावर रंग मारून घे." ती नुसती हसली.

पुढच्या वर्षी मंडळाच्या नियमांत एक नवं कलम आलं: मॉडेल मूळ नकाशाप्रमाणेच असावं. ताईनं ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "परत वाच." ताईनं परत वाचलं.

मग तिनं फॉर्म भरला. त्याच विमानाचा, रंग झिजलेल्या पंखासकट. 'बनवणाऱ्याचं नाव' या रकान्यात एकाच नावाची जागा होती. तिनं बारीक अक्षरात तीन नावं बसवली.