खडकावरचा मी, नाव दलदलीचं

मी कपाटातलं एक वाळकं रानफूल बोलतोय. जाड कागदावर मला दोऱ्यानं टाचलंय. कोपऱ्यात माझं शास्त्रीय नाव आहे. त्यातला पहिला शब्द घराण्याचा. दुसरा, 'पालुस्ट्रिस', तेवढा माझा. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ दलदलीत राहणारा.

मी दलदल कधी पाहिलीच नाही.

मी डोंगरमाथ्यावर, तांबड्या खडकाच्या भेगेत जन्मलो. मला मुळासकट उपटणारे प्राध्यापक त्याच दिवशी खालच्या दलदलीतूनही रोपं घेऊन आले होते. घरी जेवणाच्या टेबलावर ते आम्हाला जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवत. कागद ओलसर झाले की बदलत. एकदा बदलताना, कोण कुठून आणलं ते लिहिलेल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

त्यांच्या बायकोला शंका आली. "अहो, हे खडकावरचं ना? मुळाला चिखल कुठे दिसतोय?"

"तू कागद वाळत घाल. नाव ठेवायचं मी बघतो."

"हो, नावं ठेवण्यात तुम्ही पहिल्यापासून हुशार," असं म्हणून ती कागद घेऊन अंगणात गेली.

नव्या जातीचं म्हणून माझं नाव छापून आलं. वर्षभरानं टिपणवही चाळताना त्यांना चूक कळली. छापलेलं नाव नियमानं बदलता येत नव्हतं, पण माझं ठिकाण चुकलंय एवढं तरी कळवता आलं असतं. लाजेपोटी ते आज-उद्या करत राहिले आणि एक दिवस वारले.

पुढे मी दुर्मीळ ठरलो. मला वाचवायला लोकांनी दलदलीला कुंपण घातलं. पाटी लावली, पहारेकरी ठेवला. डोंगराकडे कुणी पाहिलं नाही. तिथे दगडाची खाण सुरू झाली.

मग एक संशोधक बाई आली. तीन वर्षं ती दलदलीत गुडघाभर चिखलात मला शोधत होती. शेवटी तिनं मला कपाटातून बाहेर काढलं, आणि भिंगाखाली माझ्या मुळांत तिला तांबडे कण दिसले. ती तशीच निघाली, आजूबाजूचे सगळे डोंगर तिनं पालथे घातले. चार महिन्यांनी परतली, तेव्हा कपाटं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला एवढंच म्हणाली, "काका, तो माथाच राहिला नाही हो. आणि दुसरीकडे कुठेच नाही."

काकांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

माझ्या कागदावर तिनं पेन्सिलनं 'खडकावर' असं लिहिलं आणि कपाट लावलं. आता लिहिलेलं बरोबर आहे. वाचून कुणी जायचं कुठे?

कुणाला नाव देणार असाल, तर आधी त्याचं घर नीट पाहून या. चुकलात, तर जिवंतपणी सांगा. माझ्यासाठी आता काही करू नका.