ग्रहणात कापलेला एक्स-रे

मित्रांनो, मी एक जुना एक्स-रे आहे. अख्खा नाही, आता माझे तीनच तुकडे उरले आहेत. गोपिकाच्या लोखंडी पेटीत, तिच्या लग्नाच्या शालूखाली मी पडून असतो.

१९७९ साली नागपूरच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. मौद्याकडच्या खेड्यातून गोपिका आली होती. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. रामटेकला नवस झाले, अंगारे झाले. सासू प्रयागबाईने बजावलं होतं की अक्षय तृतीयेपर्यंत दिवस गेले नाहीत, तर रुपरावाचं दुसरं लग्न लावू. गर्भाशयात औषध सोडून माझ्यावर चित्र उतरवलं, तेव्हा गोपिकाने कळ सोसत टेबलाची कड घट्ट धरली होती. मला माझ्या जन्माचा आनंद झाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. "उजवी नळी गर्भाशयापाशीच बंद आहे. डावी मात्र फक्त टोकाला चिकटली आहे. ऑपरेशनने ते टोक उघडता येईल. खात्री नाही, पण आशा आहे. मार्चमध्ये मोठे सर्जन येतील, त्यांना हा फोटो दाखवू. आणि नवऱ्यालाही तपासणीला आण."

"त्याईले काहून, बाई?"

"मूल दोघांचं असतं म्हणून."

रुपराव व्हरांड्यात विडी ओढत होता. त्याने ऐकलं आणि बसची वेळ झाली म्हणाला.

गोपिकाने मला जिवापाड जपलं. पण फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. एक्स-रेतून ग्रहण दिसतं, असं कोणीतरी धाकट्या दिराला, चंद्रभानला सांगितलं. माझ्यातून सूर्य पाहिला तर डोळे जातात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? त्याने पेटी उघडली आणि कात्रीने माझे चार तुकडे केले.

चंद्रभानची बायको पोटुशी होती. तिला खोलीत बसवून दार लावलं होतं. गोपिकाही आत चुलीपाशी होती.

"तू काहून लपून राहिली वं?" प्रयागबाई ओरडली. "पोटुशी बाईनं लपावं. तुले कायचं भेव?"

गोपिका अंगणात आली. चार जणांच्या हातांत मी होतो. तिने मला ओळखलं. "माहा फोटो!" म्हणून ती प्रत्येकाच्या हातातून तुकडे ओढू लागली. तीन मिळाले. चौथा एक पोरगा घेऊन पळाला होता. त्यावर डावी नळी होती.

मार्चमध्ये तिने ते तीन तुकडे डॉक्टरीणबाईंपुढे मांडले. "यावरून ऑपरेशन ठरवता येणार नाही. पुढच्या पाळीनंतर येऊन पुन्हा काढावा लागेल," त्या म्हणाल्या.

"काढा, बाई. मी सोसतो."

पण प्रयागबाईने तिला पुन्हा नागपूरला जाऊच दिलं नाही. अक्षय तृतीया गेली आणि जयवंता सवत म्हणून घरात आली. गोपिकाने तिची ओटी भरली.

तीन वर्षं झाली. जयवंतालाही मूल नाही. गोपिकानेच तिला दवाखान्यात नेलं. नवा एक्स-रे आला. दोघींनी तो दारातल्या उजेडात धरला. औषध दोन्ही बाजूंनी पार गेलं होतं.

"ताई, माह्या नळ्या तं मोकळ्या हायेत. मंग?"

गोपिकाने नवा एक्स-रे माझ्यावर ठेवला आणि पेटी लावली.

मित्रांनो, मला कापू नका, जपून ठेवा, एवढंच मागणार होतो. पण नुसतं जपून काय होतं? मी जे दाखवतो ते बघा, आणि जो कधीच तपासणीला आला नाही त्यालाही हाताला धरून न्या. त्याच्या तपासणीत कळ येत नाही.

रुपराव अजून तपासणीला गेलेला नाही. प्रयागबाई आता त्याच्या तिसऱ्या लग्नासाठी मुलगी पाहते आहे.