क्रमांक नसलेली अकरा पानं

मित्रांनो, मी एक जुनी, हातानं फिरवायची सायक्लोस्टाईल मशीन आहे आणि माझ्या पोटात अजून शाई आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुनी म्हटलं की लोक लगेच भंगारवाल्याला हाक मारतात.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून लाकडी खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी केप कोस्ट नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी, एका मिशन शाळेत आले. तिथे एकोणीस वर्षं मी प्रश्नपत्रिका छापल्या. प्रश्न विचारत राहायचं आणि उत्तर मात्र एकाचंही वाचायला मिळायचं नाही, अशी ती नोकरी. माझं कौतुक वर्षातून दोनदा व्हायचं, परीक्षेच्या आठवड्यात. एरवी माझ्या डोक्यावर मुख्याध्यापकांची छत्री वाळत असे. पुढे विजेवर चालणारी नवी मशीन आली आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली.

तिथून मला सोडवलं अराबा गार्टी बाईंनी. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळा त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होती. बाई म्हणाल्या, वेळ मला कळते, ती मशीन द्या. मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला. घड्याळ वाचलं ना!

टॅक्सीच्या मागच्या सीटवर, बाईंच्या शेजारी बसून मी सेरवा बोआतेनच्या दुकानात आले. सेरवा ही बाईंची मैत्रीण, केसांचं दुकान चालवणारी. मूळची आतल्या मुलखातली, कुमासीची. समुद्र तिला फक्त दमट हवेपुरता माहीत. राजधानीतले प्रकाशक बायकांची हस्तलिखितं बहुधा न वाचताच परत पाठवायचे. मासळी आणि केस हे काही साहित्याचे विषय नव्हेत, असं एकानं लिहूनही कळवलं होतं. तीच हस्तलिखितं आपण छापायची, असं या दोघींनी ठरवलं. प्रकाशनाचं नाव ‘तीन दगड’, चुलीचे असतात तसे. दोन दगड त्या दोघी. तिसरा कोण, असं कुणी विचारलं की सेरवा माझ्या दांड्यावर थाप मारायची. मित्रांनो, एकोणीस वर्षांत मला कुणी दगडसुद्धा म्हटलं नव्हतं. मी भलतीच खूश झाले.

संपादनाची त्यांची रीत न्यारी होती. बाई लाल पेन्सिलीनं मजकूर नीट करायच्या आणि मग दुकानात उंच स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायच्या. चार मुली गिऱ्हाइकांच्या बारीक वेण्या घालत असायच्या. सेरवा त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, बोटांकडे बघायची. बोटं थांबली की मजकूर पक्का. चालतच राहिली की फुली. बाईंना सुरुवातीला हे मुळीच रुचलं नाही.

“तीस वर्षं मी निबंध तपासले, आणि आता माझी परीक्षा तुझ्या पोरींची बोटं घेणार?”

“तोंडं खोटं बोलतात, अराबा,” सेरवा म्हणाली. “तुझ्यासमोर तर सगळ्यांचीच बोलतात. तुझा धाकच तसा आहे.”

या रीतीनं पाच पुस्तकं निघाली आणि पाचही हातोहात गेली. सहावं आलं मान्सा ओटूचं. मान्सा एल्मिनाच्या किनाऱ्यावर मासळीला धूर देणारी. शाळेच्या सात वह्यांत तिनं कादंबरी लिहिली होती. वही उघडली की दुकानभर धुराचा वास. पहिलंच पान वाचलं आणि चौघींची बोटं थांबली. एक गिऱ्हाईक तर अर्धवट विंचरलेल्या डोक्यानिशी उठलं आणि वहीत डोकावू लागलं. बाईंचा आवाज चढला. कधी एकदा माझा दांडा फिरतो असं मला झालं.

फक्त एका प्रकरणात बोटं थांबली नाहीत. बायका किनाऱ्यावर परतणाऱ्या होड्या मोजताहेत आणि एक होडी येत नाही, एवढंच त्यात होतं. तिथे बोटं उलट भराभर चालू लागली. कातडी सोलतेस की काय, म्हणून एक बाई करवादली. सेरवानं फुली मारली आणि अकरा पानं गेली. मान्साला विचारायचं राहूनच गेलं, कारण दोघींनाही घाई झाली होती.

घाई कसली, तर ‘तीन दगड’चं पुस्तक तिथल्या तान्ह्या बाळासारखं आठव्या दिवशी बाहेर काढायचं, असा त्यांचा नेम होता. छपाई सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी पहाटे लेखिकेच्या घरची वडीलधारी माणसं येणार, पुस्तकाला पाणी आणि दारूचा थेंब चाटवणार, नाव ठेवणार. तोवर त्याला नावानं बोलवायचं नाही. शनिवार ठरला होता. मान्साच्या आत्यांना निरोपही गेले होते.

गुरुवारी मान्सा पानं लावायला आली. खुर्च्यांवर, आरशांपुढे पानांचे गठ्ठे मांडले होते आणि सगळ्याजणी गोल फिरत एकेक पान उचलत होत्या. दुसऱ्याच फेरीत मान्सा थबकली. शेहेचाळीस आणि सत्तेचाळीस ही दोन पानं तिनं शेजारी शेजारी धरली.

“माझी होडी कुठं आहे?”

सेरवानं सरळ सांगून टाकलं की एकीचंही बोट थांबलं नाही, म्हणून ती पानं काढली. मान्सा तिच्याशी वाद घालत बसली नाही. वेण्या घालणाऱ्या बादुआला तिनं गाव विचारलं. बादुआ किनाऱ्यावरच्या मोरी गावची, कोळ्यांच्या घरातली.

“होडीला उशीर झाला की तुझी आई काय करते गं?”

“दिसेल ते काम,” बादुआ म्हणाली. “खवले काढलेल्या मासळीचे पुन्हा खवले काढते. हात थांबला म्हणजे आपण होडीची आशा सोडली, असं होतं ना.”

“आणि बाई वाचत होत्या त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी कुणाच्या वेण्या घातल्या तेसुद्धा मला आठवत नाही, मावशी.”

बाईंनी चष्मा काढला. त्या याच किनाऱ्याच्या, पण पाद्र्याची लेक. घरात पियानो होता, होडी नव्हती. कुमासीच्या सेरवाची तर गोष्टच नको.

“मी त्या होडीसाठी लिहायला बसले,” मान्सा म्हणाली. “बाकीची पानं ती येईपर्यंत हात चालू राहावेत म्हणून आहेत. होडी नको असेल तर माझं नाव काढा आणि वह्या परत द्या.”

सेरवाला चूक कबूल करताना मी कधी पाहिलेलं नाही. वेणी वाकडी झाली तर ती गिऱ्हाइकाच्या डोक्याला दोष द्यायची. त्या दिवशी मात्र तिनं दाराची पाटी उलटी केली, आलेल्यांना सोमवारी या म्हणून वाटेला लावलं आणि जिचं अर्धं डोकं राहिलं होतं तिच्या हातात पानांचा गठ्ठा दिला.

बाई स्टेन्सिल टाईप करायला बसल्या आणि अडल्या. अकरा पानं मध्ये घातली तर पुढच्या चौऱ्याण्णव पानांचे क्रमांक चुकणार, तीही पुन्हा छापावी लागणार. तेवढा कागद नव्हता आणि तेवढे दिवस तर नव्हतेच.

“होडी कितव्या पानावर हरवली हे कोण विचारतंय, बाई?” मान्सा म्हणाली. “राहू दे तिला बिनक्रमांकाची.”

तीस वर्षांची शिस्त गिळून बाईंनी मान डोलावली.

आणि मग मी फिरले, मित्रांनो! अकरा पानं, दीडशे प्रती, म्हणजे सोळाशे पन्नास फेरे. सातशेच्या आसपास माझ्या दांड्याचा खिळा निसटला. बाईंचा चेहरा उतरला. सेरवानं केसांना गुंडाळायचा काळा दोरा घेतला आणि माझा दांडा असा आवळून बांधला की आजतागायत तो ढिला झालेला नाही. ओली पानं केस वाळवायच्या टोपांखाली धरली जात होती. मान्सा फिरवी, बादुआ फिरवी, अर्ध्या डोक्याची ती बाईसुद्धा फिरवी. शुक्रवारी चार वाजता शेवटचं पान माझ्यातून बाहेर पडलं तेव्हा दुकानात टाळ्या वाजल्या. प्रश्नपत्रिकेसाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

शनिवारी पहाटे सगळ्यात थोरली आत्या आली. तिनं पाण्यात बोट बुडवून पुस्तकावर टेकवलं. पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे, असं म्हणाली. मग दारूत बोट बुडवलं. दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे. मान्सानं नाव सांगितलं आणि सगळ्यांनी ते मोठ्यानं घेतलं. आता खाणंपिणं सुरू होणार, तोच सेरवा पुढे आली.

“आत्या, एकेक थेंब माझ्याही जिभेवर ठेवा. फुली मारताना मला पाणी कुठलं आणि दारू कुठली ते कळलं नव्हतं.”

आत्यानं तिला नीट न्याहाळलं आणि दोन्हींचे दोन दोन थेंब दिले. जीभ मोठी आहे, म्हणाली. मान्सा सगळ्यांच्या आधी हसली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या शाळेत माझ्यासारखी कुणी धूळ खात पडली असेल तर तिच्या सांध्यात थेंबभर तेल सोडा. आणि उद्या तुमच्या हाती लाल पेन्सिल आली, तर फुली मारण्याआधी लिहिणारीच्या दारापर्यंत चालत जा आणि तिला विचारा. आता मला जाऊ द्या. उंबऱ्यावर एक बाई चार वह्या पदराआड धरून उभी आहे, बाईंनी स्टूल पुढे ओढलंय, आणि सेरवा मला शाई भरते आहे.